घंटेच्या फेरीला ट्रॅक सोडलेली मुलगी : एक प्रकरण अभ्यास

ही हकिकत ८०० मीटर पळणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीची आहे. तिला इथे रेणू म्हणू. गाव, वर्ष, स्पर्धांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मी क्रीडा अकादम्यांमधल्या मुलामुलींसोबत समुपदेशनाचं काम करते. या प्रकरणात अकादमीने मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी : पोरगी परत येईल का आणि कधीपर्यंत?

पार्श्वभूमी

रेणू पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातली. घरची थोडी कोरडवाहू शेती, दोन म्हशी आणि वडिलांचा डेअरीच्या टेम्पोवरचा पगार. शाळेतल्या पीटीच्या सरांनी तिला सातवीत हेरलं आणि पंधराव्या वर्षी ती शहरातल्या निवासी अकादमीत आली. सोळाव्या वर्षी ती १८ वर्षांखालील गटात ८०० मीटरला राज्यविजेती झाली. त्याच मोसमात राष्ट्रीय स्पर्धेत पदक आलं. वेळ २ मिनिटं १० सेकंदांच्या जरा आत. भारताचा महिलांचा विक्रम टिंटू लुकाच्या नावावर आहे, १ मिनिट ५९.१७ सेकंद, २०१० सालचा. तिथपर्यंत रेणूला बराच पल्ला होता, पण सोळाव्या वर्षाच्या मानाने तिची वेळ उत्तमच होती.

गावात याचा अर्थ फार सरळ लावला गेला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खो खेळता खेळता धावपटू झाली, २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे महसूल खात्यात अधिकारी झाली, हे त्या पट्ट्यात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. रेणूच्या वडिलांकडे कात्रणांची वही होती. सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हेही त्यांना पाठ. घराच्या स्लॅबचं काम काढलं होतं, त्यासाठी रेणूच्या शिष्यवृत्तीतले काही पैसे जात होते. यात वडिलांचा लोभ शोधायचं कारण नाही. त्या घरात पहिल्यांदाच वडिलांच्या पगाराशिवाय आणखी कोणाकडून तरी नियमित पैसे येत होते आणि ते कोणाकडून येतात याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

प्रशिक्षक स्वतः जुने मध्यम पल्ल्याचे धावपटू, पतियाळ्याहून प्रशिक्षणाचा डिप्लोमा केलेले. पोरांच्या फीपासून चपलांपर्यंत सगळ्यात लक्ष घालणारा माणूस. सतरा वर्षांच्या मुलीची वेळ अडली की पहिला संशय वजनावर घ्यायचा, ही त्यांच्या पिढीची शिकवण.

अडचण

सतराव्या वर्षी रेणूची वेळ पुढे सरकायची थांबली. २.१३, २.१४, पुन्हा २.१३. मुलींच्या मध्यम पल्ल्यात हे वय असंच असतं. चौदा-पंधराव्या वर्षी हलकं शरीर आणि चांगला दम यावर वेळ झपाट्याने उतरते, मग शरीर बदलतं आणि दोन-एक वर्षं घड्याळ जागचं हलत नाही. ज्या मुलींना त्या काळात कुणी सांभाळून घेतं त्यांतल्या बऱ्याच जणी विशीत पुन्हा सुधारतात. पण अकादमीला दोन वर्षं थांबायची मुभा नसते. शिष्यवृत्तीचा आढावा दरवर्षी होतो.

वसतिगृहाच्या जेवणघरात भिंतीवर एक तक्ता होता. दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी वजन, नावापुढे किलो, वाढलं तर लाल पेन. हा तक्ता रेणूसाठी मुद्दाम लावलेला नव्हता, सगळ्यांसाठीच होता. रविवारी रात्री ती भात घ्यायची नाही. नंतर नंतर शनिवारीही घेईनाशी झाली.

राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत काय झालं ते मला सरांनी आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने सांगितलं, आणि दोघांचं वर्णन तंतोतंत जुळतं. पहिलं वळण आपापल्या लेनमधून झालं, मग सगळ्या आतल्या लेनला आल्या. रेणू तिसरी, बाहेरच्या अंगाला, अगदी हवी तशी जागा. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. ती वळणाच्या तोंडाशी आली आणि उजवीकडे सरकत सरकत ट्रॅकच्या बाहेर गेली. लंगडत नव्हती, पोट धरलेलं नव्हतं. चालत तंबूत आली, खाली बसली, स्पाइक्सच्या नाड्या सोडल्या, बूट पिशवीत घातले आणि पिशवीची चेन लावली. सर धावत आले. "काय झालं? पाय?" ती म्हणाली, "पाय बरा आहे सर. मला नाही पळायचं."

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली ती परत आली नाही.

तपासणीत काय निघालं

मी पहिली भेट तिच्या घरी घेतली. सरांना सोबत येऊ दिलं नाही, त्यांना ते लागलं. ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता तिने बरंच सांगितलं, त्यातलं एक वाक्य मी टिपून ठेवलं : "आधी हरले की रडायचे. आता जिंकले तरी काय वाटत नाही आणि हरले तरी काय वाटत नाही."

थॉमस रेडीक या अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये खेळाडूंच्या पार थकून जाण्याचे तीन भाग मांडले : शरीर-मन रिकामं होणं, आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं आणि खेळाचीच किंमत मनातून उतरणं. पहिले दोन मोसमाच्या शेवटी कित्येकांत दिसतात आणि विश्रांतीने ओसरतात. तिसरा दिसला की मी सावध होते. रेणूच्या वाक्यात तो उघड होता.

मग आईशी बोलताना दुसरी गोष्ट निघाली. रेणूची पाळी सात महिने आलेली नव्हती. आईला ठाऊक होतं. "खेळणाऱ्या पोरींचं असंच असतंय, असं वाटलं," त्या म्हणाल्या. मैदानात स्त्री प्रशिक्षक नव्हती, सरांनी विचारणं शक्य नव्हतं आणि रेणूला तर हे बरंच वाटत होतं, कारण स्पर्धेच्या दिवशी कटकट नको. तालुक्याच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन १० च्याही खाली. पळणं जितकं, त्या मानाने पोटात जाणारं अन्न कमी, असं बरेच महिने चालू होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला नाव दिलंय आणि त्यावर सविस्तर मार्गदर्शनही काढलंय : पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात, दम लागतो, झोप आणि मनःस्थिती बिघडते. अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी, २०१३ मध्ये, जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पळाली होती. पुढे २०१९ मध्ये तिने वजन कमी करण्याचा दबाव, थांबलेली पाळी आणि मोडलेली हाडं यांबद्दल जाहीरपणे सांगितलं. आपल्याकडे ही चर्चा अजून कुजबुजीतच होते.

समोरचे पर्याय

सरांचा प्रस्ताव पंधरा दिवसांचा होता. विश्रांती, लोहाच्या गोळ्या आणि मग हलक्या सरावाने राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी परत. त्यांची घाई मला समजत होती, कारण १८ वर्षांखालील गटातली तिची ती शेवटची संधी होती. पण सात महिने पाळी थांबलेल्या मुलीच्या हाडांवर स्पाइक्समधला सराव लादणं डॉक्टरांनाच मान्य नव्हतं, त्यामुळे हा पर्याय फार चर्चा न होता मागे पडला.

प्रकार बदलायचा, ४०० किंवा १५०० करायचा, अशीही सूचना आली. दुसऱ्या एका अकादमीच्या प्रशिक्षकांचा फोनही वडिलांना येऊन गेला होता, राहणं-खाणं फुकट आणि वर पॉकेटमनी. दोन्ही पर्यायांत गृहीत एकच, की हिला पळायचंच आहे, फक्त इथे किंवा असं नाही. रेणूला विचारलं तर ती खांदे उडवायची.

वडिलांचा पर्याय सर्वांत व्यावहारिक होता, असं मला आजही वाटतं. खेळायचं नसेल तर नको, पण १८ पूर्ण झाले की पोलीस भरती द्यावी. मुलींच्या मैदानी चाचणीतली मोठी धाव ८०० मीटरचीच असते. राज्याची पदकविजेती तिथे डोळे झाकून निघेल. त्यांच्या दृष्टीने पळण्यातून नोकरीच काढायची होती, मग पदकाचा वळसा कशाला? रेणू तेव्हा पहिल्यांदा चिडली. "म्हणजे परत तेच," एवढंच म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

उरला पर्याय तारीख न ठरवता थांबण्याचा. तो मी मांडला. सरांनी ॲश बार्टीचं उदाहरण देऊन त्याला पाठिंबा दिला, हे अनपेक्षित होतं. ती २०१४ मध्ये टेनिस सोडून गेली, मधे क्रिकेट खेळली, २०१६ मध्ये परतली आणि २०२१ ला विंबल्डन जिंकली. मला असल्या उदाहरणांची थोडी धास्ती वाटते. थांबून न परतलेल्यांची कात्रणं कुणी वहीत चिकटवत नाही, आणि बार्टीने २०२२ मध्ये २५ व्या वर्षी, अव्वल क्रमांकावर असताना, पुन्हा खेळ सोडला हा भाग सहसा सांगायचा राहून जातो. ट्रॅकवरचंच उदाहरण हवं तर अमेरिकेच्या अथिंग मूचं घ्यावं. १९ व्या वर्षी टोकियोत ८०० मीटरचं सुवर्ण, पुढच्याच वर्षी जागतिक विजेतेपद आणि २०२३ मध्ये ती बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत उतरणार की नाही इथपासून सगळं अनिश्चित. ती उतरली, कांस्य घेऊन आली. दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत पडली आणि पॅरिस हुकलं. परत येणं हे असंही असतं.

काय केलं, आणि निर्णयाची मुख्य जागा

थांबायचं ठरलं. पण शिष्यवृत्ती आणि अकादमीतली जागा टिकवायची तर कागद लागणार. मन लागत नाही या कारणाला कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता. डॉक्टरांच्या अहवालावर वैद्यकीय रजा मिळत होती. ती घेतली. गावातही तेच सांगितलं गेलं : रक्त कमी झालंय, डॉक्टरनी विश्रांती सांगितलीय.

या एका निर्णयावर पुढचं सगळं उभं राहिलं, म्हणून त्यावर जरा थांबते. फायदे खरे होते. वडिलांना पारावर तोंड दाखवता आलं. रेणूला कुणी आळशी म्हटलं नाही. जेवणावर कुणाची नजर राहिली नाही, उलट आजी दोन भाकऱ्या जास्त वाढायला लागली. गोळ्या लिंबूपाण्यासोबत, चहाच्या मागेपुढे नाही, हे घरात सगळ्यांना पाठ झालं. चौथ्या महिन्यात फेरिटिन चाळिशीच्या जवळ आलं, त्याच्या थोडं आधी पाळीही सुरू झाली.

आणि मग फोन सुरू झाले. रजेचं जे कारण लोकांना सांगितलं होतं, त्याला शेवट होता आणि तो रिपोर्टवर छापून आला होता. रक्त भरलं म्हणजे पोरगी बरी झाली. सरांनी सरावाचं वेळापत्रक पाठवलं. चुलत्यांनी विचारलं, "आता काय अडलंय?" गणपती मंडळाने सत्काराचा फ्लेक्स लावला, त्यावर तिचा पदकासह फोटो आणि खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे त्याहून मोठे फोटो. रेणू त्या दहा दिवसांत बाजारपेठेच्या रस्त्याने गेलीच नाही, कॉलेजला मागच्या ओढ्याने जायची.

सप्टेंबरच्या त्या आठवड्यात ती मला फोनवर म्हणाली, "मॅडम, मी आजारीच बरी होते."

त्यानंतर दोन बैठका झाल्या. पहिलीत रेणू, आई-वडील आणि मी. तिथे वडिलांना पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं की अंगात ताकद आली तरी पळावंसं वाटेलच असं नाही, आणि औषधाच्या तारखेला ती तारीख बांधलेली नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्लॅबचा हिशेब काढला. शिष्यवृत्ती थांबली तर काय थांबेल, काय उधारीवर होईल, कुठला हप्ता पुढे ढकलता येईल, सगळं रेणूसमोर. मला ते नको वाटत होतं, तिच्या डोक्यावर आणखी ओझं पडेल म्हणून. पण ती नंतर म्हणाली की तिच्या मनातला आकडा खऱ्या आकड्याच्या तिप्पट होता.

दुसरी बैठक सरांसोबत. त्यांनी रजा वर्षअखेरपर्यंत वाढवली आणि शिष्यवृत्तीचा आढावा जो लागेल तो लागू दे म्हणाले. तो विरोधात लागला, शिष्यवृत्ती गेली. पण सरांनी वेळापत्रक पाठवणं बंद केलं.

मधली एक गोष्ट, कुणी न ठरवलेली

गावात भरतीची तयारी करणाऱ्या मुली होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेमागच्या मुरमाच्या मैदानावर पहाटे पळायच्या. चुन्याने आखलेली फेरी नेमकी किती मीटरची हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यातल्या एकीने रेणूला घड्याळ लावायला बोलावलं. रेणूने आधी टेपने फेरी मोजली. २०० मीटरची समजून पळत होत्या ती १८४ भरली. मुलींचे चेहरे पडले, कारण तीन मिनिटांच्या आतल्या त्यांच्या सगळ्या वेळा खोट्या निघाल्या.

मग ती रोज जाऊ लागली. सुरुवातीला फक्त घड्याळ आणि शिव्या. "पहिल्याच फेरीत जीव देऊ नका गं" हे तिचं ठरलेलं वाक्य. काही आठवड्यांनी एका मुलीला वेग धरता येईना म्हणून ही चपला काढून तिच्या पुढे पळाली. हे मला आईकडून कळलं. रेणूने स्वतःहून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वडिलांना मात्र राहवलं नाही, त्यांनी सरांना कळवलं आणि सर दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून हजर. मैदानाच्या कडेला उभे राहिले, एक शब्द न बोलता चहा पिऊन गेले. बोलले असते तर काय झालं असतं सांगता येत नाही, पण त्या दिवशी गप्प राहणं सरांना किती जड गेलं असेल ते त्यांना ओळखणाऱ्यांनाच कळेल.

निष्पत्ती

बारावीची परीक्षा देऊन रेणू तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.ला गेली. वसतिगृहात परतायला तिने ठाम नकार दिला. सरांनी फोनवरून आठवड्याला तीन दिवसांचा आराखडा द्यायचा, बाकी तिचं ती बघेल, वजन विचारायचं नाही, असं ठरलं. अटी तिने घातल्या, कागदावर लिहून. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती ८०० मीटर पळाली, ट्रॅक सोडल्यानंतर जवळपास दोन वर्षांनी. चौथी आली, २ मिनिटं १७ सेकंद. सहाशे मीटरला आत कोंडली गेली, बाहेर निघायला वाट मिळाली नाही. त्यावर ती रात्रभर चडफडत होती, असं मैत्रिणीने कळवलं. मला त्या २.१७ पेक्षा हे चडफडणं महत्त्वाचं वाटलं. सरांना २.१७ च दिसत होते, आणि तेही बरोबरच आहे.

भरतीच्या मुलींपैकी दोघी पोलीस झाल्या. रेणूने फॉर्म भरला नाही. वडिलांनी एकदा विचारलं, पुन्हा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाळीचा प्रश्न पहिल्या चुकलेल्या दोन-तीन महिन्यांतच विचारला जायला हवा होता. त्याला तज्ज्ञ लागत नाही. महिन्याला एक कागद, एखादी बाई कर्मचारी आणि मुलीने भरायच्या चार ओळी पुरतात. अकादमीने आता ते सुरू केलंय. भिंतीवरचा तक्ताही काढलाय. वजन अजून घेतात, पण बंद खोलीत आणि आकडा फक्त आहारतज्ज्ञाकडे. तक्ता काढायला सर लगेच तयार झाले नाहीत. आमच्या वेळीही होता, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या वेळच्या किती मुली विशीनंतर पळत राहिल्या, यावर आमचं बोलणं बराच वेळ चाललं.

वैद्यकीय रजेचा कागद आजही मी घेईन. त्याशिवाय त्या घराला श्वास मिळाला नसता. मात्र त्याच दिवशी, निदान आई-वडील आणि सर यांच्यापुरतं, दुसरं कारणही तितक्याच स्पष्टपणे सांगून ठेवायला हवं होतं. ते कितीतरी महिन्यांनी, फ्लेक्स लागल्यावर सांगितलं गेलं, तेव्हा वडिलांना ते सबब वाटलं. पैशाचा हिशेबही सुरुवातीलाच मांडता आला असता. सतरा वर्षांच्या मुलीला घराची आर्थिक स्थिती सांगू नये हा आपला शहरी संकेत इथे उलटा पडला.

एका मुद्द्यावर सरांचं आणि माझं अजून जुळत नाही. ते म्हणतात, रक्त सुधारल्यावर हळूहळू ट्रॅकवर आणलं असतं तर २० वर्षांखालील गटाचा एक पूर्ण मोसम वाचला असता, आणि या वयात गेलेला मोसम परत मिळत नाही. माझ्या मते त्या वेळी आणली असती तर ती पुन्हा कुठल्यातरी घंटेला बाहेर पडली असती, आणि मग मुरमाच्या मैदानावरही गेली नसती. रेणूला विचारलं तर ती दोघांनाही हसते.

२० वर्षांखालील गटातलं तिचं शेवटचं वर्ष आता सुरू आहे. राज्य स्पर्धेचा प्रवेशअर्ज सरांनी तिला पाठवलाय. शेवटची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिने अजून तो भरलेला नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही.